आठ किलोचा गवा

रोबोवॉरमध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्या संघाची पहिली लढत वजनकाट्याशी होते आणि नवखे ती बहुतेक हरतात. पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा टेक फेस्ट. वर्गातले बाक भिंतीला सरकवून मधोमध इलेक्ट्रॉनिक काटा मांडलेला. कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीनं आलेल्या पाच जणांच्या संघानं आपला 'गवा' दोन्ही बाजूंनी उचलून त्यावर ठेवला. आकडे थोडे लटपटले आणि ८.२६ वर थांबले. मर्यादा ८ किलोची. काट्यामागच्या स्वयंसेवकानं मान वर न करताच सांगितलं, "पुढचा संघ."

कॉलेजात वजन केलं होतं तेव्हा तो ७.९ भरला होता. त्या वेळी मागची पोलादी प्लेट आणि तिचे बोल्ट बसवलेले नव्हते, हे आता आठवलं. मग हिशेब सुरू झाला. भोकं पाडायची? ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादात २० मिलिमीटरचं एक भोक पाडलं की जेमतेम १५ ग्रॅम जातात. ॲल्युमिनियमच्या तेवढ्याच प्लेटमधून पाच. म्हणजे २६० ग्रॅम घालवायला ॲल्युमिनियमची चाळण करावी लागेल आणि पोलाद मुळात फार कुठे नाहीच. शेवटी ती मागची प्लेटच उतरवायचं ठरलं. पण पाठ उघडी ठेवून रिंगणात जायचं कसं? दोघं जण रिक्षा करून बाजारात गेले आणि भांड्यांच्या दुकानातून भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड घेऊन आले. त्या बोर्डाचं प्लॅस्टिक, म्हणजे एचडीपीई, पाण्यापेक्षाही हलकं असतं, मार बसला की तडकत नाही, दबून परत वर येतं. जगभरच्या हौशी रोबोवाल्यांनी ते फार पूर्वीच हेरून ठेवलंय. हॅक्सॉनं तुकडा कापला, ड्रिल मारलं, जुन्याच बोल्टांनी आवळला. पुन्हा काटा. ७.९६.

स्वयंसेवकानं या वेळी मान वर केली आणि 'गव्या'च्या पाठीवर एक हिरवं स्टिकर चिकटवलं.

या पाच जणांची नावं मी देत नाही. त्यातल्या दोघांच्या घरी ते सेमिनारला गेल्याचं सांगितलेलं आहे. चार मुलगे मेकॅनिकलचे, रिमोट जिच्या हातात ती मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची. यंत्राचं नाव दाजीपूरच्या गव्यावरून. प्रत्यक्षात ते दिसायला गव्यापेक्षा चेपलेल्या डब्यासारखं आहे. चार चाकं, पुढे आडवा फिरणारा पोलादी ड्रम, ड्रमवर दोन दात, मध्ये बॅटरी आणि वायरींचा गुंता. चाकांचा व्यास शरीराच्या उंचीपेक्षा जास्त, त्यामुळे उलटा पडला तरी चालतो.

हा खेळ काय आहे, ते न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भिंतींचं रिंगण, लोखंडी जमीन, आत समोरासमोर दोन रिमोटवरची यंत्रं. वेळ साधारणपणे तीन मिनिटं. एखादं यंत्र हलेनासं झालं तर पंच दहा आकडे मोजतो आणि निकाल देतो. वेळ पूर्ण झाली तर पंच नुकसान, आक्रमकता आणि नियंत्रण बघून गुण देतात. जाळं टाकायचं नाही, पाणी-तेल फेकायचं नाही, दुसऱ्याच्या रेडिओत अडथळा आणायचा नाही. बाकी जवळपास सगळं चालतं.

खेळाचा जन्म अमेरिकेतला. डेन्व्हरमधल्या काही उचापतखोरांनी १९८० च्या दशकातच टेबलावर छोटी यंत्रं झुंजवली होती, पण 'रोबोट वॉर्स' या नावाचा पहिला मोठा सामना सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसन सेंटरमध्ये ऑगस्ट १९९४ मध्ये झाला. तो भरवणारा मार्क थॉर्प सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या धंद्यातला माणूस. त्याला खरं तर रिमोटवर चालणारा व्हॅक्युम क्लीनर बनवायचा होता. पुढच्याच वर्षी जेमी हायनेमन, जो पुढे 'मिथबस्टर्स'मुळे टीव्हीवर घराघरांत पोहोचला, त्यानं 'ब्लेंडो' आणला. मोठ्या कढईचं कवच, ते सगळंच्या सगळं गरगर फिरणारं. त्यानं प्रतिस्पर्ध्याचे तुकडे भिंतीपलीकडे असे उडवले की आयोजकांनी त्याला विजेतेपद देऊ केलं, पण पुढे खेळू नकोस म्हणून विनवलं. बीबीसीनं १९९८ मध्ये हा खेळ टीव्हीवर आणला. अमेरिकेत १९९९ मध्ये 'बॅटलबॉट्स' सुरू झालं, पुढे तिथला मुख्य गट २५० पौंडांचा, म्हणजे ११३ किलोचा झाला.

आपल्याकडे तो कॉलेजांच्या टेक फेस्टमधून आला आणि तिथेच रुजला. पवईच्या आयआयटीत १९९८ पासून भरणाऱ्या 'टेकफेस्ट'मधल्या रोबोवॉरला जी गर्दी होते ती बघायला हवी. परदेशातले संघही तिथे येऊन गेलेत. पुण्याला रोबोंची सवय वेगळ्या वाटेनं लागली होती. आशियाई 'रोबोकॉन' २००८ मध्ये बालेवाडीत झाली तेव्हा तिचा विषयच 'गोविंदा' होता. यंत्रांनी मडक्यातून लोणी काढायचं. २०१४ मध्ये ती स्पर्धा पुन्हा पुण्यात झाली. पण रोबोकॉन हा सभ्य, आखीव खेळ. तिथे कुणी कुणाला फोडत नाही, आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकांना फोडाफोडीच बघायची असते.

इंजिनिअरिंगचं शिक्षण कॉलेजात मिळतं असा आपला समज आहे. 'गव्या'चं शिक्षण कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं. तिथल्या एका गाळ्यात एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक ग्राइंडर आणि एक मामा. मामांचं वय साठीच्या पुढे, शिक्षण नववी. उसाच्या चरकाच्या रोलरपासून ऑइल इंजिनच्या सुट्या भागांपर्यंत सगळी कामं त्यांच्या हाताखालून गेलेली. संघातली मुलं पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांच्या हातात कॉम्प्युटरवर काढलेलं ड्रमचं रंगीत चित्र होतं. मामांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"शाफ्ट कितीचा?"

"बारा एमएम, मामा."

"आनि फिरनार किती?"

"आठ हजार आरपीएम."

मामा काही बोलले नाहीत. शेजारच्या भंगाराच्या पिंपातून एक वाकलेला शाफ्ट काढला आणि मुलांच्या हातात ठेवला. शाफ्ट सोळाचा झाला.

मी गाळ्यावर गेलो त्या दिवशी ड्रम तोलण्याचं काम चालू होतं. ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. इतक्या वेगानं फिरणारी वस्तू एका बाजूला किंचितही जड असेल तर ती यंत्राला आतूनच खिळखिळं करते. मोठ्या कारखान्यात यासाठी वेगळी मशिनं असतात. मामांनी काय केलं, तर सरफेस प्लेटवर दोन गुळगुळीत, घासलेल्या पट्ट्या समांतर उभ्या केल्या, स्पिरिट लेव्हल ठेवून कागदाच्या घड्या सारत त्या पातळीत आणल्या आणि ड्रम शाफ्टसकट त्यांच्यावर आडवा ठेवला. हात काढला. ड्रम अगदी सावकाश लोळला, पुढे गेला, थोडा मागे आला, थांबला. जी बाजू खाली आली तिथे मामांनी खडूची रेघ मारली. बोटानं ढकलून पुन्हा सोडला. पुन्हा तीच रेघ खाली. मग ड्रिलिंग मशीनवर त्या रेघेपाशी एक उथळ खड्डा पाडला, अगदी चार-पाच मिलिमीटर खोल. पुन्हा पट्ट्यांवर. हे असं बराच वेळ चाललं. मध्ये चहा आला, तो निवला. शेवटी ड्रम जिथे सोडू तिथे थांबू लागला. कुठलीही बाजू खाली आणा, तो तिथेच राही. संघातला एक जण पुटपुटला, "स्टॅटिक बॅलन्सिंग. चौथ्या सेमला होतं." मामांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

दातांसाठी ईएन २४ जातीचं पोलाद होतं. नुसतं कापून लावलं तर ते मऊ, पहिल्याच धडकेत बोथट होणार. म्हणून ते तापवून कडक करायचं. एका मुलानं उत्साहानं पाण्याची बादली पुढे केली. "ह्येला पानी न्हाई, त्येल पाजायचं," मामा म्हणाले. "पान्यात घातलास तर चीर जाईल." तसंच असतं. या जातीचं पोलाद तेलात थंड करायचं असतं आणि तेवढ्यानं काम संपत नाही. नुसतं कडक झालेलं पोलाद ठिसूळ असतं, म्हणून पुन्हा कमी उष्णतेवर धरून त्याचा ताठा उतरवायचा. दात मऊ राहिले तर वाकतात, जास्त कडक झाले तर त्यांचे कपचे उडतात. मधली जागा पुस्तकात तापमानाच्या आकड्यात दिलेली असते. मामा ती घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर चढत जाणाऱ्या रंगावरून धरतात. पिवळट, तपकिरी, जांभळा, निळा. त्यांनी दात कुठल्या रंगावर काढले हे मी विचारलं तर हसले आणि दुसऱ्या कामाला लागले.

खर्चाचं गाऱ्हाणं प्रत्येक संघाचं सारखंच असतं. मोटरी, बॅटऱ्या, रिमोट, वेगनियंत्रक हे सगळं ऑनलाइन मागवायचं आणि कॉलेजकडून पैसे नंतर मिळवायचे. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल हवं. मामांकडे बिल नसतं, वहीत पेन्सिलीनं लिहिलेला हिशेब असतो. त्यामुळे यंत्राचा जो भाग सगळ्यात मोलाचा तो कॉलेजच्या कागदावर कुठेच नाही. त्याचे पैसे पाच जणांनी वर्गणी काढून दिले.

आता जरा आकडेमोड, कारण तिच्याशिवाय रिंगणात काय घडतं ते कळत नाही. 'गव्या'चा ड्रम दीड किलोचा, आठ सेंटिमीटर व्यासाचा. मिनिटाला ८००० फेऱ्यांनी फिरताना त्याच्यात ढोबळमानानं ४२० जूल ऊर्जा साठते. ताशी १४० किलोमीटर वेगानं येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत १२० जूल असते. तसे साडेतीन चेंडू एकाच वेळी, एकाच ठिकाणी लागले तर काय होईल तो हा फटका. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, म्हणून नवख्यांचा पहिला मोह असतो तो वेग वाढवण्याचा. इथेच ते फसतात. दात समोरच्याच्या अंगात रुतायला हवा. दोन दातांच्या मधल्या वेळात यंत्र जेवढं पुढे सरकतं तेवढाच जास्तीत जास्त घास त्याला घेता येतो. 'गवा' सेकंदाला तीन मीटर धावतो. दोन दात आणि ८००० फेरे धरले तर घास ११ मिलिमीटरचा. तेच १२००० फेरे केले तर साडेसात. ऊर्जा वाढली, पण ती द्यायला दात रुतलाच नाही, नुसता घासत गेला आणि ठिणग्या उडाल्या. ठिणग्यांना टाळ्या मिळतात, गुण मिळत नाहीत. म्हणूनच पुष्कळ जाणते एकच दात ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला तोल साधायला वजन. घास लगेच दुप्पट होतो.

हे सगळं या मुलांना कुणी सरांनी शिकवलेलं नाही. रिओ द जानेरोच्या पीयूसी विद्यापीठातले प्राध्यापक मार्को अंतोनियो मेग्जोलारो यांनी आपल्या 'रिओबॉट्झ' संघाच्या अनुभवावरून एक जाडजूड मार्गदर्शिका लिहिली आणि सगळ्यांसाठी फुकट खुली केली. धातूंपासून बॅटरीपर्यंत सगळं त्यात आहे. रिओबॉट्झच्या गाजलेल्या यंत्रांत 'टूरो' आणि 'मिनोटॉर' ही ड्रमवालीच. कोल्हापूरच्या होस्टेलमध्ये त्या मार्गदर्शिकेची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग करून, मेसच्या डाळीचे डाग पडलेली, मी पाहिली. ब्राझीलच्या प्राध्यापकाची विद्या आणि उद्यमनगरचा हात यांची गाठ कुठल्याही विद्यापीठानं घालून दिली नव्हती.

वजनाचं स्टिकर मिळालं म्हणजे रिंगणाचं दार उघडलं असं नाही. त्यानंतर सुरक्षेची तपासणी. ड्रमला आरपार लोखंडी खीळ हवी आणि ती रिंगणात ठेवल्यावरच काढायची. बाहेरून हाताला येईल असा एक जोड हवा, जो उपटला की सगळं यंत्र मेलं पाहिजे. रिमोट बंद केला तर यंत्र जिथल्या तिथे थांबलं पाहिजे. ही शेवटची परीक्षा पुष्कळांना धूळ चारते, कारण रिसीव्हरचं सेटिंग नीट केलं नसेल तर सिग्नल तुटल्यावर तो शेवटचा हुकूमच धरून ठेवतो. आमच्या पुढच्या संघाचं यंत्र, खीळ घातलेली होती म्हणून बरं, रिमोट बंद केल्यावरही टेबलावर चाकं फिरवत राहिलं. तपासणीसानं शांतपणे जोड उपटला आणि त्यांना रांगेच्या शेवटी पाठवलं. 'गवा' इथे एका फटक्यात पास झाला. मुलीनं ते सेटिंग महिनाभर आधीच करून ठेवलं होतं आणि तिला त्याचा रास्त अभिमान होता.

बॅटऱ्यांचं टेबल वेगळं, दाराजवळ, शेजारी वाळूच्या बादल्या. लिथियम पॉलिमरची ही बॅटरी म्हणजे चंदेरी वेष्टनातली विटेएवढी वस्तू. सहा सेल, पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट. दर सेल ४.२ च्या वर जाता कामा नये, ३ च्या खाली उतरता कामा नये. भोक पडलं, दाबली गेली किंवा चुकीची चार्ज झाली तर फुगते आणि मग पेटते. ती आग पाण्याच्या शिंतोड्यांना जुमानत नाही. चार्ज होताना बॅटरीपाशी एक माणूस बसलेला असलाच पाहिजे असा नियम होता. संघातल्या सगळ्यात बडबड्या मुलाला तिथे बसवलं होतं. तो तिथेही गप्प बसला नाही, पण जागचा हलला नाही.

पहिली लढत मुंबईच्या एका संघाशी. त्यांच्या यंत्राला उभी फिरणारी चकती. आरंभीच दोघं सरळ एकमेकांवर गेले, फाडकन आवाज झाला आणि दोन्ही यंत्रं दोन दिशांना उडाली. 'गवा' पाठीवर पडला. याची तयारी होती. उलटं पडल्यावर पुढचं मागे होतं, डावं-उजवं मात्र जसंच्या तसं राहतं. ड्रमची दिशाही बदलावी लागते, नाहीतर वर उचलणारा फटका खाली दाबणारा होतो. कॉलेजच्या पार्किंगमध्ये रिमोटवाल्या मुलीनं 'गव्या'ला मुद्दाम उलटा टाकून संध्याकाळच्या संध्याकाळ चालवलं होतं. तिचा अंगठा एका बटणावर गेला, ड्रम थांबून उलटा फिरू लागला, तिनं यंत्र वळवलं, समोरच्याची बाजू उघडी मिळाली, आणि 'गवा' मेला. धूर नाही, आवाज नाही. पंचानं दहा मोजले.

पिटमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या टेबलांपाशी, झाकण उघडलं तर आत सगळं शाबूत. सोल्डर पक्कं, बॅटरी गार. दोष सापडायला वेळ लागला नाही, पण पटायला लागला. सुरक्षेसाठी बाहेर काढलेला तो जोड झाकणाच्या वर बोटभर उभा होता. पार्किंगची फरशी सपाट होती. रिंगणाची जमीन लोखंडी प्लेटा जोडून केलेली, आणि दोन प्लेटांच्या सांध्याची कड थोडी वर आलेली. उलटा धावताना 'गव्या'चा जोड त्या कडेत अडकला आणि उपटला गेला. समोरच्यानं त्याला मारलंच नाही.

दिवसभर मी ज्या लढती पाहिल्या, त्यातल्या नवख्यांच्या बहुतेक लढती अशाच संपल्या. कुणाचा पट्टा उतरला, कुणाच्या मोटरीचा स्क्रू ढिला होऊन चाक गळून पडलं, कुणाचं यंत्र स्वतःच्याच हत्याराच्या हादऱ्यानं बंद पडलं. एका यंत्रानं वळायचा प्रयत्न केला की त्याची एक बाजू जमिनीवरून उचलली जाई. वेगानं फिरणारा ड्रम दिशा बदलायला विरोध करतो त्याचा तो परिणाम. चालवणारा भांबावून आणखी वळवी आणि ते आणखी उचललं जाई. प्रेक्षकांना वाटत होतं यंत्र नाचतंय. हरलेल्यांना इथे दुसरी संधी असते, दोनदा हरल्यावरच संघ बाहेर. त्यामुळे खरी स्पर्धा पिटमध्ये चालते. एक लढत ते दुसरी लढत यांच्या मधल्या वेळात कोण काय दुरुस्त करू शकतो याची. मुलीला मी विचारलं, कोल्हापूरची म्हणून हे तुला कुस्तीसारखं वाटतं का? ती वैतागली. "सर, प्रत्येक जण हेच विचारतो. कुस्तीत हरलेला आंघोळ करून घरी जातो."

एवढं बोलून ती परत झाकणात डोकं घालून बसली. जोड आता आतल्या खोलगट खाचेत सरकवला होता.

दुसऱ्या लढतीआधी समोरचा संघच त्यांच्या टेबलाशी आला. त्यांची एक बॅटरी फुगल्यामुळे तपासणीसानं काढून घेतली होती आणि दुसरी पहिल्या लढतीत फुटली होती. सहा सेलची जास्तीची असेल तर द्याल का? दिली नाही तर 'गवा' न खेळताच विजयी. 'गव्या'च्या संघात यावर हलक्या आवाजात कडाक्याचं भांडण झालं. एकाचं म्हणणं, आपण इतक्या लांब आलोय, फुकटचा विजय कशाला सोडायचा. दुसऱ्याचं, बॅटरी परत फुटून आली तर वर्गणी कोण काढणार. मुलगी म्हणाली, "मी खेळायला आलेय." बॅटरी दिली गेली. पुढे कळलं की यात नवल काहीच नाही. पिटमध्ये पाने, बोल्ट, बॅटऱ्या, माणसं सुद्धा या टेबलावरून त्या टेबलावर जात असतात.

समोरचं यंत्र पाचरीसारखं. हत्यार नाही, नुसता जमिनीला टेकलेला पोलादी उतार. 'गव्या'चा दात त्या उतारावरून दोनदा घसरला, ठिणग्यांचा फवारा उडाला, टाळ्या पडल्या. प्रत्येक वेळी 'गव्या'चंच तोंड वर गेलं आणि पाचरीनं त्याला भिंतीपर्यंत ढकलत नेलं. मग तिनं ड्रमचा वेग जवळजवळ निम्म्यावर आणला. मागे उभा असलेला मेकॅनिकलचा मुलगा ओरडला, "अगं, वाढव, वाढव!" तिनं लक्ष दिलं नाही. लांबून धाव घेतली, या वेळी आवाज वेगळा आला, जाडा आणि खोल. दात उताराच्या कडेत रुतला, कड वर वळली आणि पाचर जमिनीवरून सुटली. त्यानंतर पाचरीला 'गव्या'च्या खाली शिरता आलं नाही. तीन मिनिटं पूर्ण झाली, तिन्ही पंचांनी एकमतानं 'गव्या'ला विजयी ठरवलं. बॅटरी धडधाकट परत आली.

तिसऱ्या लढतीत नाशिकच्या संघाचं यंत्र. तेही ड्रमवालं, पण चौथ्या-पाचव्या स्पर्धेत उतरलेलं. पहिल्या धडकेत काही झालं नाही. दुसरीत 'गव्या'चा ड्रम एका बाजूनं खाली लोंबला. शाफ्ट सरळ, दात जागच्या जागी, तोल तसाच. बेअरिंग धरणारा ठोकळा ज्या बोल्टांनी बांधला होता ते बोल्ट ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये पाडलेल्या आट्यांत घट्ट बसवलेले होते. आटेच्या आटे उखडून बोल्टाबरोबर बाहेर आले होते, बोल्टाच्या खोबणीत चांदीच्या तारेसारखे गुंडाळलेले. ड्रम तसाच फिरवत राहिलं असतं तर पट्टा आणि मोटर दोन्ही गेले असते. तिनं हात वर केला आणि टॅप आउट म्हणाली. शरणागती पत्करताना तिचा चेहरा पडला वगैरे काही नाही. ती लगेच समोरच्या संघाकडे गेली आणि त्यांचं झाकण उघडून दाखवा म्हणाली. त्यांनी दाखवलं. तिनं फोटो काढले, मोजमापं घेतली.

पुढच्या आठवड्यात मी उद्यमनगरात गेलो तेव्हा 'गवा' गाळ्यातल्या बाकड्यावर उघडा पडलेला होता आणि पाचातले तिघे तिथे होते. नवा ड्रम एका दाताचा करायचं ठरलं होतं. मामांनी तो उखडलेला बोल्ट चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरला.

"ॲल्युमिनियममधी आटं कुनी पाडलं?"

कुणी काही बोललं नाही.

"आरपार जाऊ द्यायचा बोल्ट. पलीकडनं पोलादाची पट्टी, तिच्यात नट. म्हंजी प्लेट फाटंल, पन आटं न्हाई सुटायचं." मग विचारलं, "जिंकला का?"

"एक मॅच, मामा," ती म्हणाली. तिनं नाशिकच्या यंत्राचे फोटो मोबाइलवर काढून त्यांच्यापुढे धरले. मामांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. बेअरिंगचा ठोकळा, आतून टाकलेली पट्टी, कडा मारून गोल केलेल्या, बोल्टांची डोकी प्लेटच्या आत बसवलेली. बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये कुठल्या पोरांचं म्हनालीस?"

"नाशिकच्या."

"त्येंचा मिस्त्री चांगला हाय," मामा म्हणाले आणि खडू शोधू लागले.